ठाण्याचा वार्ताहर ठाण्यातच मोठा व्हायला हवा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत एखाद्या मराठी वृत्तवाहिनीसाठी काम करणाऱ्या तरुण वार्ताहराला विचारा, पुढे काय करायचंय? मुंबई ब्युरोत जायचंय, मंत्रालयाची बीट, म्हणजे तिथल्या बातम्यांची जबाबदारी, मिळवायचीय, अँकर व्हायचंय, अशी उत्तरं येतात. इथेच राहून याच शहराच्या बातम्या करायच्यात, असं सांगणारा मला अजून भेटलेला नाही. दोष त्या मुलांचा नाही. या व्यवसायात बढती मिळणं म्हणजे शहर सुटणं, असं समीकरणच होऊन बसलं आहे. जो मागे राहिला तो कमी पडला, असं सहकारी मानतात, घरचे मानतात आणि शेवटी तो स्वतःही मानू लागतो. हे समीकरण मोडायला हवं, असं माझं ठाम मत आहे. ठाण्याचा वार्ताहर ठाण्यातच ज्येष्ठ झाला पाहिजे. त्याचा पगार, हुद्दा आणि मान इथेच वाढला पाहिजे. यात त्याच्या पोटाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न इथे राहणाऱ्या लोकांचा आहे.

2011 च्या जनगणनेत ठाणे महापालिकेच्या हद्दीत 18 लाखांहून अधिक आणि नवी मुंबईत 11 लाखांहून अधिक माणसं होती. त्यानंतर घोडबंदर रोड, दिवा, घणसोली, उलवे किती भरले ते डोळ्यांना दिसतंच आहे. 2014 मध्ये पालघर वेगळा झाल्यावरही ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका उरल्या. राज्यात दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात इतक्या नाहीत. एवढ्या पसाऱ्यासाठी बहुतेक वाहिन्यांकडे एखाददुसरा पगारी प्रतिनिधी आणि बाकी सगळे स्ट्रिंगर, म्हणजे बातमीगणिक पैशांवर काम करणारे वार्ताहर. कोल्हापूरचा, नाशिकचा किंवा नागपूरचा प्रतिनिधी वर्षानुवर्षं त्या भागाचा चेहरा म्हणून ओळखला जातो, कारण मुंबईहून तिथे माणूस पोचेपर्यंत बातमी शिळी होते. ठाण्याच्या वाट्याला हे आलं नाही. दादर-लोअर परळहून निघालेली थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन तासाभरात तीन हात नाक्यावर उभी राहू शकते, मग इथे अनुभवी माणूस कशाला पोसायचा, असा हिशेब होतो. मुंबईच्या इतकं जवळ असणंच या शहरांना नडलं आहे.

या कामाची वाट साधारण कशी असते ते सांगतो. पत्रकारितेची पदवी किंवा पदविका होते. मग स्थानिक केबलच्या बातम्या किंवा एखाद्या छोट्या वाहिनीचं बूम (वाहिनीचं नाव असलेला माइक) हातात येतं. पूर्वी ही केबलची पायरी बरीच भक्कम होती. मुंबई दूरदर्शन 1972 मध्ये सुरू झालं, पण त्याच्या बातम्यांत ठाणं क्वचित यायचं. 2000 मध्ये ईटीव्ही मराठी आली आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या बातम्या पडद्यावर दिसू लागल्या. 2007 पासून चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या. या सगळ्या काळात आपल्या प्रभागातली पाणीटंचाई, नाल्याची सफाई, शाळेचं गळकं छप्पर हे विषय ठाणेकरांनी पाहिले ते मुख्यतः केबलच्या बातम्यांत. 2012-13 च्या सुमाराला केबलचं डिजिटायझेशन झालं, प्रक्षेपणाचा ताबा गल्लीतल्या केबलवाल्याकडून मोठ्या कंपन्यांकडे सरकला, आणि तिथे काम शिकणाऱ्या पोरांची जागा आक्रसली. आता बरेचजण थेट स्ट्रिंगर म्हणूनच सुरुवात करतात.

स्ट्रिंगरचा दिवस वाहिनीत बसून बातम्या मागवणाऱ्या असाइनमेंट डेस्कच्या फोननं सुरू होतो. अमुक ठिकाणी आग लागलीय, व्हिज्युअल पाठव, दोन बाईट (कॅमेऱ्यासमोरच्या प्रतिक्रिया) घे. तो स्वतःच्या दुचाकीवर, स्वतःच्या पेट्रोलवर जातो, स्वतःच्या मोबाईलवर शूट करतो, स्वतःच्या डेटा पॅकवरून फुटेज पाठवतो. पैसे बातमीमागे मिळतात, तेही काहीशे रुपये, आणि तेही बातमी चालली तर. डेस्कनं मागवलेली बातमी दिल्लीतल्या एखाद्या ब्रेकिंगमुळे पडली, तर त्याची ती दुपार फुकट जाते. बिलं महिनोन् महिने तुंबतात. मी एका वाहिनीच्या असाइनमेंट डेस्कवर काही काळ बसलो आहे. पावसाळ्यात रात्री शीळफाट्यावरून भिजत फुटेज पाठवणाऱ्या मुलाला ‘शॉट हलतोय, पुन्हा घे’ असं सांगणं सोपं असतं. त्याला जेवण झालं का, परत कसा जाणार, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मुलगी असेल तर हा प्रश्न आणखी अवघड होतो. रात्री अकराला डायघरच्या रस्त्यावर बातमीसाठी थांबलेल्या मुलीला घरी सोडायची जबाबदारी कुणाची, हे कुठेच लिहिलेलं नसतं. या क्षेत्रात आलेल्या अनेक हुशार मुली दोन-तीन वर्षांत बाहेर पडतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आणि बातमी मोठी झाली की ती स्ट्रिंगरच्या हातात राहत नाही. जून 2022 मध्ये शिवसेनेत फूट पडली आणि ठाणं देशभरच्या वाहिन्यांवर झळकलं. मुंबई-दिल्लीहून माणसं आली, रस्त्यांवर व्हॅन उभ्या राहिल्या. कोणती शाखा कुणाच्या बाजूला जाईल, कोण नगरसेवक कुणाच्या शब्दाबाहेर नाही, याची खडान्‌खडा माहिती असलेले स्थानिक वार्ताहर पाहुण्या प्रतिनिधींच्या कानाशी लागून नावं सांगत होते. पडद्यावर ते नव्हते. मोठ्या प्रसंगी अनुभवी चेहरा पाठवावा, हे मला समजतं. मात्र ज्याच्याकडे माहिती आहे त्याला मोठ्या प्रसंगी पडद्यावर येताच येत नसेल, तर तो अनुभवी चेहरा होणार कधी?

या शहरांच्या बातम्या कळायला किती वर्षं लागतात, याची कल्पना बाहेरच्या माणसाला चटकन येत नाही. घोडबंदर रोडवरचा खड्डाच घ्या. टीव्हीवर तो अर्ध्या मिनिटात दाखवून होतो. पण तो पट्टा कुणाचा, महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा, राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा (एमएसआरडीसी), की मेट्रोच्या कामामुळे तिथल्या डागडुजीची जबाबदारी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आहे, हे ज्याला सांगता येत नाही त्याला बाईट देणारा प्रत्येक अधिकारी शेजारच्या खात्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. दरवर्षी पावसाळ्यात हेच चालतं. प्रश्न विचारणारा नवा असतो आणि उत्तर देणारा मुरलेला.

नवी मुंबईत तर जमीन समजल्याशिवाय काहीच समजत नाही. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको 1970 मध्ये स्थापन झालं, शहरासाठी 95 गावांची जमीन घेतली गेली. 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यातल्या आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. तिची रेंगाळलेली प्रकरणं, गावठाणांची न वाढलेली हद्द, त्यातून उभी राहिलेली ‘गरजेपोटी घरं’ (कुटुंब वाढल्यावर गावकऱ्यांनी परवानगीशिवाय बांधलेली) आणि त्यांच्याच आडोशानं धंदेवाईकांनी उभारलेल्या बेकायदा इमारती, हे सगळे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. दिघ्यातल्या 99 बेकायदा इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं, तेव्हा वाहिन्यांनी दाखवले ते रडणारे रहिवासी आणि जेसीबी. सिडको, एमआयडीसी आणि महापालिका अशा तीन यंत्रणांच्या हद्दी जिथे भिडतात तिथे बेकायदा इमारत कशी फोफावते, हे समजावून सांगणारं काही मला तेव्हा दिसलं नाही. 24 जून 2021 ला नवी मुंबई विमानतळाला 1984 च्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून हजारो लोक सिडको भवनाला घेराव घालायला आले. 1984 माहीत नसलेल्या वार्ताहराला ती नावावरून चाललेली हमरीतुमरी वाटली. माहीत असलेल्याला त्यात चार दशकांचं न फिटलेलं देणं दिसलं. 25 डिसेंबर 2025 पासून त्या विमानतळावरून विमानं उडू लागली आहेत. आजूबाजूच्या गावांत आता काय होतंय, हे पाहायला तिथे रोज जाणारा माणूस लागेल.

हे ज्ञान असलेला वार्ताहर शहरात टिकला नाही, तर काय होतं? 4 एप्रिल 2013 ला शीळफाट्याजवळच्या लकी कंपाऊंडमध्ये सात मजली बेकायदा इमारत कोसळली आणि 74 माणसं मेली. काही महिन्यांत सर्वांच्या डोळ्यांदेखत ती उभी राहिली होती. नंतर बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारी, पोलीस, नगरसेवक यांनाही अटक झाली. कुणा वार्ताहरानं ती दुर्घटना टाळली असती, असा दावा मी करणार नाही. पण त्या पट्ट्यात दर आठवड्याला फिरणारा, बांधकाम परवानगी कशी वाचायची ते येणारा आणि प्रभाग अधिकाऱ्याला नावानं फोन लावू शकणारा वार्ताहर जर कुठल्या वाहिनीनं ठेवला असता, तर चौथ्या मजल्यावर असतानाच त्या इमारतीची बातमी होण्याची शक्यता होती. ढिगारा दाखवायला सगळे पोचले. चौथा मजला दाखवायला तिथे कुणी नव्हतं.

ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्णांचा मृत्यू झाला. दोन-तीन दिवस सगळ्या वाहिन्या रुग्णालयाच्या दारात होत्या. चौकशी समिती नेमली गेली, मंत्री येऊन गेले, बूम परत गेली. त्यानंतर डॉक्टरांची पदं किती भरली, अतिदक्षता विभागात खाटा वाढल्या का, शहापूर-मुरबाडकडून ऐनवेळी इथे पाठवले जाणारे रुग्ण आधी कुठे थांबवता येतील, या प्रश्नांना पाठपुरावा लागतो. पाठपुरावा करायला महिनाभरानं पुन्हा तिथे जाणारा, सहा महिन्यांनी पुन्हा जाणारा तोच माणूस लागतो. बातमीमागे पैसे मिळणाऱ्या स्ट्रिंगरला पाठपुरावा परवडत नाही. ‘काहीच बदललं नाही’ ही बातमी डेस्क विकत घेत नाही.

गेल्या काही वर्षांत हे फार जाणवलं, कारण प्रश्न विचारणारी दुसरी जागाच बंद होती. नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत महापालिकांवर प्रशासक होते. महासभा नाही, लोकनियुक्त स्थायी समिती नाही, विरोधी बाकावर कुणी नाही. कोट्यवधींचे ठराव आयुक्तांच्या सहीनं मंजूर होत होते. नगरसेवक सगळे धुतल्या तांदळासारखे असतात असं मला म्हणायचं नाही, पण सभागृहात भांडण झालं की त्यातून चार गोष्टी बाहेर पडत. ते थांबल्यावर वार्ताहराची गरज दुप्पट झाली होती. वाहिन्यांनी मात्र उलटा अर्थ लावला. सभाच होत नाही तर महापालिकेची बीट कशाला हवी! आता नवे नगरसेवक आले आहेत. प्रशासकाच्या काळात कोणतं कंत्राट कुणाला, किती मुदतीचं दिलं गेलं, हे त्यांनाही ठाऊक नाही आणि गॅलरीत बसणाऱ्या नव्या पोरांनाही नाही.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप माझ्याच एका जुन्या सहकाऱ्यानं घेतला. तो म्हणाला, एकाच गावात वीस वर्षं काढलेला वार्ताहर त्या गावच्या पुढाऱ्यांचा होऊन जातो. बदल्या करतात त्या म्हणूनच. आक्षेप खोटा नाही. अशी माणसं मीही पाहिली आहेत. पण ती तशी का झाली, याचा विचार केला तर मला वर्षांपेक्षा पैशांचा दोष मोठा दिसतो. अनेक ठिकाणी वार्ताहरालाच जाहिरातीचं टार्गेट दिलं जातं. दिवाळी आली, नगरसेवकाकडून शुभेच्छा जाहिरात आण. आमदारांचा वाढदिवस आला, त्यांच्या कार्यालयात जाऊन बस. त्यातलं कमिशन हेच त्याचं खरं उत्पन्न. आठवड्यापूर्वी ज्याच्याकडून जाहिरात घेतली त्याच्या बेकायदा गाळ्यांची बातमी तो कोणत्या तोंडानं करणार? ज्या माणसाला वीस वर्षं पगार नाही आणि वीस वर्षं जाहिराती आणायला लावल्या, तो पुढाऱ्याच्या दारात बसला याचं आश्चर्य वाटायला नको. त्याला नीट पगार द्या, जाहिरातीचं काम त्याच्याकडून पूर्ण काढून घ्या, आणि दर काही वर्षांनी ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली अशी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बीट बदला. ओळखी जुन्या होऊन गंजणार नाहीत आणि ज्ञानही वाया जाणार नाही.

वाहिन्या तोट्यात आहेत, त्यांच्याकडे पैसे कुठून येणार, असंही विचारलं जातं. पण घोडबंदर, कोलशेत, खारघर, पनवेलच्या गृहप्रकल्पांच्या जाहिराती याच वाहिन्यांवर दिसतात. ज्या शहरांच्या जिवावर जाहिराती मिळतात, त्या शहरांत एक अनुभवी माणूस ठेवण्याइतका पैसा त्यातून नक्कीच निघतो. तो आज स्टुडिओतल्या चर्चांवर खर्च होतो, कारण चार पाहुण्यांना बसवून भांडायला लावणं स्वस्त पडतं. हा निवडीचा प्रश्न आहे, असं मी डेस्कवरच्या अनुभवावरून म्हणतो.

कायदा बदलला आहे, आणि ही गोष्ट ठाण्यातल्या स्ट्रिंगरांपर्यंत पुरेशी पोचलेली नाही. श्रमिक पत्रकारांसाठीचा 1955 चा कायदा वृत्तपत्रांपुरता होता. मजिठिया वेतन आयोगाची भांडणं झाली तीही वृत्तपत्रांतल्या लोकांसाठी. टीव्हीचा वार्ताहर त्यात कुठेच नव्हता. 2020 च्या कामगार संहितेतल्या श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमांतले पत्रकार आले, पूर्णवेळ आणि अर्धवेळ दोन्ही. या संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत आणि त्यांत नेमणूकपत्र बंधनकारक आहे. खरी मेख ‘कामावर ठेवलेला’ या अटीत आहे. स्ट्रिंगर आमचा कर्मचारीच नाही, तो बाहेरून बातम्या देतो, असं वाहिनी म्हणणार. मग ज्याच्या हातात तुमचं बूम आहे, ज्याला सकाळी सहाला तुमचा डेस्क फोन करतो, ज्यानं दुसऱ्या वाहिनीला फुटेज दिलं तर तुम्ही जाब विचारता, तो नेमका कुणाचा?

हाच प्रश्न मारहाण झाल्यावरही येतो. पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधात महाराष्ट्रानं 2017 मध्ये कायदा मंजूर केला, 2019 मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद त्यात आहे. पण त्याचं संरक्षण नियमित किंवा कंत्राटी पत्रकाराला मिळतं, आणि ज्याच्याकडे ना नेमणूकपत्र ना करार, त्याला पोलीस ठाण्यात आपण पत्रकार आहोत हे सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते. छत्तीसगडमधल्या बस्तरमध्ये रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार बाहेर काढणारे मुकेश चंद्राकर जानेवारी 2025 मध्ये मारले गेले. त्यांचा मृतदेह एका सेप्टिक टँकमध्ये सापडला. मोठ्या वाहिनीला बातम्या पुरवणारा स्थानिक पत्रकार, आणि विषय कंत्राटदाराचा. ठाणे जिल्ह्यात जमिनीचे, वाळूचे, डंपिंगचे, बांधकामाचे विषय याहून कमी धोक्याचे नाहीत.

यूट्यूबवर आता प्रत्येक प्रभागात दोन-चार चॅनल आहेत, मग वाहिन्यांचा वार्ताहर हवाच कशाला, असं काही तरुण मला म्हणतात. त्यांतली काही मुलं खरोखर उत्तम काम करतात. कचऱ्याचा प्रश्न, लोकलच्या गर्दीचा प्रश्न त्यांनी वाहिन्यांच्या आधी दाखवला आहे. पण त्यांच्यामागे वकील नाही, संपादक नाही, आणि पुष्कळांचा खर्च पुन्हा त्याच स्थानिक पुढाऱ्याच्या जाहिरातीतून चालतो. एका अब्रुनुकसानीच्या नोटिशीत असं चॅनल बंद पडतं. संस्थेचं पाठबळ ज्याला आहे त्यानंच अवघड बातमी करावी लागते, आणि ते पाठबळ देणं हे वाहिन्यांचं काम आहे.

म्हणून मागणी नेमकी असावी. ठाणे आणि नवी मुंबईसाठी प्रत्येक मराठी वृत्तवाहिनीनं मुंबई ब्युरोतल्या ज्येष्ठ प्रतिनिधीच्या दर्जाचं एक पद तयार करावं आणि त्यावर इथेच काम केलेल्या माणसाला घ्यावं. स्ट्रिंगरला बातमीगणिक पैशांऐवजी दरमहा ठरलेलं मानधन, प्रवासखर्च आणि विमा द्यावा. पत्रकारितेच्या वर्गांत पीटीसी (कॅमेऱ्याकडे पाहून बोलणं) कशी करायची हे शिकवतात, त्याबरोबर महापालिकेचा अर्थसंकल्प, विकास आराखडा आणि सातबारा वाचायलाही शिकवावं. दरवर्षी 6 जानेवारीला, पत्रकार दिनी, जिल्ह्यातले पत्रकार संघ पुढाऱ्यांच्या हस्ते सत्कार घडवून आणतात. पुढच्या 6 जानेवारीला त्यांनी प्रत्येक वाहिनीला एकच पत्र पाठवावं: ठाणे जिल्ह्यात तुमचं बूम घेऊन फिरणाऱ्या किती जणांना तुम्ही नेमणूकपत्र दिलं आहे, त्यांची संख्या कळवा. आणि जी वाहिनी उत्तर देणार नाही, तिचं नाव त्याच कार्यक्रमात, पाहुण्यांच्या समोर, वाचून दाखवावं.